गळ्याच्या मापाचें गाणें

गणेशोत्सवांतील एखाद्या रात्रीं शहरांतल्या सोसायटीच्या अंगणांत आरती आटोपते, प्रसादाच्या द्रोणांची आवराआवर होते, आणि मग मंडपाच्या एका कोपऱ्यांत कराओकेचें यंत्र मांडलें जातें. पूर्वीं या वेळीं मेळे होत, नकला होत, क्वचित् एखाद्या बुवांचें कीर्तन होई. आतां एक पडदा, दोन ध्वनिक्षेपक आणि चाकांवर फिरणारी एक पेटी एवढ्यावर रात्र साजरी होते. पडद्यावर गीताचे शब्द उमटतात, पेटींतून मूळ गाण्याची सारी साथसंगत ऐकूं येते, आणि मधली गायकाची जागा तेवढी रिकामी असते. ती ज्यानें त्यानें आपापल्या हिमतीवर भरावयाची.

अशाच एका रात्रीं पुण्यांतील एका सोसायटींत बँकेंतून निवृत्त झालेले एक गृहस्थ उठले. महंमद रफींच्या गाण्याचें त्यांना जन्माचें वेड. त्यांनीं ‘बैजू बावरा’ (१९५२) या चित्रपटांतील ती आर्त आळवणी निवडली, जी बांधतांना नौशाद यांनीं रफींच्या गळ्याची सारी ताकद पणाला लावली आहे. धृपद बरें गेलें. शेजाऱ्यांनीं मानाही डोलावल्या. पहिल्या अंतऱ्यांत आवाज ताणला गेला, दुसऱ्यांत तो चिरकला, आणि जेथें रफी तारसप्तकांत पायरी पायरीनें वर चढत जातात, तेथें गृहस्थांच्या मुखांतून स्वराऐवजीं खोकला बाहेर पडला. मुलें हंसलीं. त्यांत त्यांचा नातूही होता. यंत्र मात्र कोणाची वाट न पाहतां आपल्या वाटेनें पुढें चाललेंच होतें. गृहस्थांनीं ध्वनिक्षेपक खालीं ठेवला, ते जागेवर येऊन बसले आणि पत्नीला म्हणाले, “अगं, मला गातां येत नाहीं हें शाळेंतच सांगितलें होतें.”

तें खरेंच होतें. चौथींत असतांना स्नेहसंमेलनाचें समूहगीत बसवितांना गुरुजींनीं त्यांना मागल्या रांगेंत उभें केलें होतें व बजावलें होतें, “तूं नुसते ओंठ हलव.” गुरुजींचा हेतु दुष्ट नव्हता, त्यांना संमेलन पार पाडावयाचें होतें. पण गृहस्थांनीं ती आज्ञा पन्नासांहून अधिक वर्षें पाळली. गुरुजींच्या दुसऱ्या कोणत्याही आज्ञेला विद्यार्थ्यांकडून इतकी निष्ठा लाभत नाहीं! प्रत्येक घरांत शोध घेतला तर असा एक तरी ओंठ हलविणारा माणूस सांपडेल. तो स्नानगृहांतही गात नाहीं. मुलाला अंगाई म्हणून दाखवावयाची वेळ आली तर पत्नीला हांक मारतो.

आतां गंमत अशी कीं, दुसऱ्याच दिवशीं सकाळीं याच गृहस्थांनीं मंडपांत गणपतीची आरती सांगितली, आणि ती स्वच्छ सुरांत सांगितली. त्यांत कोणाला नवल वाटलें नाहीं, त्यांना स्वतःला तर नाहींच. कारण आरती म्हणजे गाणें अशी आपली समजूतच नसते. वस्तुतः तें गाणेंच आहे. तिची चाल थोडक्या स्वरांत फिरते, मोठ्या उड्या घेत नाहीं, प्रत्येक कडव्याला तीच परत येते, आणि ठेका टाळ्यांनीं व झांजांनीं सर्वांच्या अंगांत भिनलेला असतो. याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे आरतीची पट्टी कोणीं आगाऊ ठरवून दिलेली नसते. सांगणाराचा गळा जेथें सहज सुरू होतो, तेथेंच आरती सुरू होते. रात्रीं ज्या माणसाचा गळा नापास ठरला, तोच सकाळीं उत्तीर्ण झाला. बदलला तो गळा नव्हे, परीक्षेचा कागद बदलला.

ज्यांना स्वरांमधला भेद मुळांतच कळत नाहीं अशीं माणसें असतात, हें शास्त्रानें मान्य केलें आहे. परंतु त्यांचें प्रमाण शंभरांत दोन-चारांच्या पुढें जात नाहीं. बेसूर गाणाऱ्यांपैकीं बहुतेकांचे कान शाबूत असतात, दुसऱ्याचा स्वर चुकला तर त्यांना तत्काळ कळतो. उणीव असते ती कान आणि कंठ यांच्या दळणवळणांत. ऐकलेला स्वर नेमका काढण्यासाठीं स्वरतंतु किती ताणावे याचा अंदाज गळ्याला सरावानें येतो, आणि पन्नास वर्षें नुसते ओंठ हलविणाऱ्याला तो सराव कोठून असणार? अशा माणसानें पहिल्याच दिवशीं ‘बैजू बावरा’ला हात घालणें म्हणजे अंगणांतल्या पायऱ्या न चढलेल्यानें थेट सिंहगडाच्या कड्याला घोरपड लावण्यासारखें आहे.

कराओकेचा जन्म कसा झाला हें पाहिलें तर या यंत्राचा मूळ स्वभाव ध्यानांत येतो. टोकियोंत शिगेइची नेगिशी नांवाचे एक उद्योजक होते. गायकाविना नुसती साथ ऐकविणारा एक कार्यक्रम त्या काळीं रेडिओवर लागत असे आणि त्याबरोबर गुणगुणण्याची त्यांना हौस होती. कारखान्यांतल्या एका सहकाऱ्यानें त्यांच्या गाण्याची थट्टा केली. तेव्हां ‘मागें वाद्यवृंद असता तर आपणही बरे गायलों असतों’ असें मनांत येऊन त्यांनीं १९६७ सालीं नाणें टाकून चालणारें एक यंत्र तयार करविलें. हे नेगिशी २०२४ सालीं, वयाच्या १०० व्या वर्षीं निवर्तले. दुसरी कथा कोबे शहरांतील दाइसुके इनोउए यांची. ते मद्यगृहांतून गिऱ्हाइकांच्या गाण्याला वाद्याची साथ करीत. त्यांना स्वरलिपि नीट वाचतां येत नसे, म्हणून गाणारा जसा जाईल तसे ते त्याच्या मागोमाग जात. आणि नेमकें हेंच बेताच्या गाणाऱ्यांना फार आवडे. अशा एका गिऱ्हाइकाला उष्ण झऱ्यांच्या सहलीला इनोउए बरोबर हवे होते. त्यांना जाणें शक्य नव्हतें, म्हणून त्यांनीं त्या गृहस्थाच्या गळ्याला सोसेल अशी साथ फितीवर मुद्रित करून दिली. त्यांतूनच १९७१ सालीं त्यांचें यंत्र निघालें. पहिल्यानें अशीं ११ यंत्रें त्यांनीं बनविलीं, स्वामित्वाचा हक्क मात्र घेतला नाहीं. त्यामुळें पैसा इतरांनीं मिळविला. पुढें २००४ सालीं त्यांना शांततेचें इग् नोबेल हें थट्टेखोर पारितोषिक देण्यांत आलें. माणसांना एकमेकांना सहन करावयास शिकविल्याबद्दल! ‘श्री ४२०’ (१९५५) मधील नायकाच्या पायांत जपानी जोडे होते. आजच्या हौशी गवयाच्या हातीं जपानी पेटी आली आहे, एवढाच काय तो फरक.

या दोन्ही कथांत मुळाशीं आहे तो बेताचा गळा. मोठ्या गायकाची नक्कल करतां यावी म्हणून हें यंत्र जन्मलें नाहीं. गाणाऱ्याच्या गळ्यामागून साथीनें चालावें म्हणून जन्मलें. आपल्याकडे मात्र उलट प्रकार झाला. मूळ ध्वनिमुद्रिकेची हुबेहूब साथ, मूळ पट्टींत, मूळ लयींत मिळूं लागली आणि गाणारा तिच्यामागें धापा टाकीत धांवूं लागला. बैठकींत गवई येऊन बसला म्हणजे तंबोरे त्याच्या स्वरांत जुळवितात. तंबोऱ्यांच्या स्वरांत गवयाला कोणी जुळवीत नाहीं. पेटीवाला प्रथम विचारतो तें हेंच कीं, “पट्टी कोणती?” कराओकेच्या पेटीलाही तो प्रश्न विचारतां येतो, हें अनेकांना ठाऊकच नसतें. यंत्रावर किंवा मोबाइलच्या पडद्यावर पट्टी चढविण्या-उतरविण्याची सोय असते, आणि तिच्या एका दाबानें सारी साथ अर्ध्या स्वरानें वर किंवा खालीं सरकते. पेटीवर पांढऱ्या व काळ्या मिळून सप्तकाच्या ज्या १२ पट्ट्या असतात, त्यांतलीच ही एकेक पट्टी.

तेव्हां गाणें निवडतांना पहिला विचार आवडीचा नव्हे, अंतऱ्याचा करावा. हौशी माणूस बहुधा धृपदावर भुलतो आणि अंतऱ्यांत फसतो. धृपद मध्यसप्तकांत, बोलण्याच्या आवाजाच्या आसपास असतें. तें कोणालाही जमतें. पण आपल्या संगीतांत अंतऱ्याचा धर्मच वर चढण्याचा. म्हणून एखादें गाणें घेण्यापूर्वीं त्यांतील सर्वांत उंच जागा कोठें आहे ती शोधावी आणि आधीं तेवढीच म्हणून पाहावी. ती जागा साधली तर बाकीचें गाणें आपोआप साधेल. ती साधली नाहीं तर कितीही आवडतें गाणें असलें तरी तें ऐकण्यासाठीं ठेवावें.

हें तत्त्व पटण्यासाठीं मोठ्या गाण्यांची गरज नाहीं. वाढदिवसाचें तें सर्वपरिचित इंग्रजी गाणें घ्या. मेणबत्त्या लागतात, कोणीतरी उत्साहानें वाटेल त्या उंचीवर सुरुवात करतो, आणि तिसऱ्या ओळींत, मुलाचें नांव येण्यापूर्वीं, चाल एकदम पूर्ण सप्तकाची उडी घेते. तेथें अर्धी मंडळी खर्जांत कोसळतात, अर्धी किंचाळतात, आणि केक कापण्याच्या घाईंत सर्व कांहीं झांकून जातें. राष्ट्रगीताचेंही तेंच. त्याची चाल मंद्र निषादापासून तार षड्जापर्यंत, म्हणजे सप्तकाहून किंचित् अधिक जाते. शाळेच्या पटांगणांत पुढचा विद्यार्थी उंच पट्टींत सुरू झाला कीं अखेरच्या जयघोषाला सारी शाळा टांचा उंचावते. दोन्ही ठिकाणीं गळे तेच. चूक असते ती पहिल्या स्वराच्या निवडींत.

आपला गळा कोठून कोठवर जातो हें कळावयास कोणी उस्ताद लागत नाहीं. घरांत पेटी असेल तर उत्तम. नसेल तर मोबाइलवर पेटीचे स्वर फुकट मिळतात. सकाळच्या वेळीं नव्हे, कारण तेव्हां गळा जड असतो. सायंकाळीं, ‘आ’कारांत, एकेक पट्टी उतरत जावें आणि जेथें आवाज पुसट होतो तेथें थांबावें. मग तसेंच वर चढावें आणि जेथें मान ताणली जाते, भुंवया वर जातात, तेथें थांबावें. भुंवया हें गळ्याचें खरें मापयंत्र आहे! न शिकलेल्या सामान्य गळ्याची सुखाची चाल एक ते दीड सप्तकाची असते, आणि तेवढ्यांत पुष्कळ कांहीं गातां येतें. मात्र वरच्या हद्दीच्या दोन पट्ट्या आधींच गाणें संपेल अशी व्यवस्था ठेवावी. घरीं मिळालेला स्वर चारचौघांत, छाती धडधडत असतांना, मिळतोच असें नाहीं.

पुरुषानें स्त्रीगायिकेचें किंवा स्त्रीनें पुरुषगायकाचें गाणें घेतलें तर पट्टींत चार-पांच अर्धस्वरांचा फेरफार बहुधा करावाच लागतो. लताबाईंचीं कित्येक गाणीं इतक्या उंच पट्टींत आहेत कीं, त्यांच्यासाठीं पट्टी उतरविण्यांत घरांतल्या गृहिणीनें लाज मानण्याचें कारण नाहीं. उतरविण्यालाही मर्यादा आहे, हेंही सांगितलें पाहिजे. फार खालीं गेलें कीं धृपदांतल्या खालच्या जागा घशांतच बुडतात, आणि यंत्रानें ताणलेली साथ रिकाम्या पिंपांतून आल्यासारखी वाटूं लागते. तीन-चार पट्ट्यांनींही भागत नसेल तर तें गाणें सोडावें.

कोणत्या गायकाकडे जावें, हा पुढचा प्रश्न. येथें प्रसिद्धि फार फसविते. किशोरकुमार बोलल्यासारखे गातात म्हणून ते सोपे वाटतात. परंतु तें बोलणें त्यांच्या प्रचंड दमसासावर उभें असतें. तलत महमूद यांच्या स्वरांतला मखमली कंप त्यांचा स्वतःचा होता. तो उसना आणावयास गेलें तर थंडी वाजल्याचा भास होतो. मराठींत श्रीनिवास खळे यांच्या चाली ऐकतांना पाण्यासारख्या सरळ वाटतात आणि म्हणूं लागलें कीं पायाखालचा तळ लागत नाहीं. नाट्यगीतांविषयीं तर बोलावयासच नको. नवशिक्यानें मुकेश आणि हेमंतकुमार यांचें दार ठोठवावें. मुकेश यांच्या गाण्यांत मुरक्या व ताना कमी. स्वर सरळ लावावा आणि शब्द स्पष्ट उच्चारावे, एवढीच अपेक्षा. ठेका पुष्कळदां केरव्याचा किंवा दादऱ्याचा असतो, त्यामुळें मान आपोआप डोलते. हेमंतकुमारांचा आवाज मुळांतच खर्जाचा, म्हणून वय झालेल्या पुरुषांना तो सोईचा. ‘सोलवा साल’ (१९५८) मधील माउथऑर्गनच्या लकेरींचें त्यांचें गाणें असेंच सोज्ज्वळ आहे. त्यांनीं हृदयनाथ मंगेशकरांकडे गायिलेलीं कोळीगीतें समूहाला फार बरीं. एकानें ओळ टाकावी, बाकीच्यांनीं धृपद उचलावें, आणि ज्याचा स्वर डळमळेल त्याला दहाजणांच्या आवाजाचा आधार मिळावा. ग. दि. माडगूळकरांनीं लिहिलेलें व पु. ल. देशपांडे यांनीं चाल लावलेलें ‘देवबाप्पा’ (१९५३) मधील मोराचें गाणें बालगीत म्हणून हिणवूं नये. आजी आणि नात यांनीं मिळून तें म्हटलें तर त्यासारखा दुसरा आरंभ नाहीं.

‘पडोसन’ (१९६८) या चित्रपटाची येथें आठवण होणें साहजिक आहे. त्यांतला भोळा नायक गळ्यानें अगदींच कोरा; शेजारणीचें मन जिंकण्यासाठीं तो खिडकींत उभा राहून ओंठ हलवितो आणि आड दडलेला त्याचा गुरु, म्हणजे किशोरकुमार, त्याच्यासाठीं गातो. प्रेक्षक पोट धरून हंसतात. गमतीची गोष्ट ही कीं, खिडकीचें तें गाणें कराओकेला खरोखरच चांगलें आहे; त्याची चाल गुणगुणण्यासारखी व पल्ला आटोपशीर आहे. मात्र त्याच चित्रपटांतील जुगलबंदीच्या वाटेस कोणीं जाऊं नये.

लय मध्यम असावी. जलद गाण्यांत जिभेची त्रेधा उडते हें सर्वांना ठाऊक असतें. अति संथ गाण्यांत श्वास उघडा पडतो, हें तितकेंसें ठाऊक नसतें. युगुलगीतांत श्वासाचें ओझें वांटलें जातें, पण एकाच पट्टींत दोघांचे गळे बसले पाहिजेत. ‘गीतरामायणा’चीं गाणीं घराघरांतून प्रिय आहेत खरीं, परंतु त्यांतील कित्येकांचीं कडवीं इतकीं, कीं नवख्याचा घसा रस्त्यांतच सुकतो.

गळ्याखालोखाल फजिती होते ती प्रवेशाच्या जागीं. दोन कडव्यांमध्यें वाद्यवृंदाचा मोठा तुकडा असतो. तो संपून शब्द नेमके केव्हां उचलावयाचे हें पडद्यावरचीं अक्षरें रंग बदलून सांगतात खरीं, पण डोळ्यांनीं पाहून उचललेला शब्द नेहमीं किंचित् उशिराच पडतो. उचल कानांत असली पाहिजे. यासाठीं मूळ गाणें आठ दिवस ऐकावें, आणि त्या मधल्या तुकड्यांकडेच अधिक लक्ष द्यावें. शब्द तर बहुधा पाठच असतात. हिंदी शब्द रोमन लिपींत दाखविणारे पडदे असतात, त्यांच्यावर विसंबणाऱ्यांनीं उर्दू शब्दांचे जे हाल केले आहेत त्यांची चर्चा न केलेली बरी. एका वहींत देवनागरींत गाणें उतरून घ्यावें आणि श्वास घेण्याच्या जागीं लहानशी रेघ मारावी. ध्वनिक्षेपकाच्या प्रतिध्वनीचें बटन थोडें चढवावें. तो स्वराच्या कडा गोल करतो. पूर्ण चढविलें तर मात्र गाणें विहिरींतून येऊं लागतें.

त्या निवृत्त गृहस्थांनीं वहीच केली. नातवानेंच त्यांना मोबाइलवर पेटी काढून दिली, आणि आजोबांच्या भुंवया केव्हां वर जातात हें पाहण्याचें काम मोठ्या आनंदानें पत्करलें. दोन-तीन महिने रोज सायंकाळीं कुकरच्या शिट्ट्यांच्या आडोशानें हा उद्योग चाले. कारण जपानांत कराओकेसाठीं भाड्यानें मिळतात तशा बंद खोल्या आपल्या सोसायट्यांत नसतात आणि भिंती पातळ असतात. प्रथम गळा ‘सा’वरही ठरेना. पुढें तो ठरूं लागला, आणि एके दिवशीं स्वयंपाकघरांतून आवाज आला, “अहो, आत्तां लागला तो बरोबर होता.” रफींच्या गाण्यांची यादी त्यांनीं फाडली नाहीं, ती वहीच्या शेवटच्या पानांत घडी करून ठेवली.

पुढच्या गणेशोत्सवांत त्यांनीं हेमंतकुमारांचें तें माउथऑर्गनचें गाणें घेतलें, पट्टी थोडी उतरवून. आवाज मोठा नव्हता, पण जागेवर होता. दुसऱ्या अंतऱ्याच्या आरंभीं त्यांची उचल चुकली. चष्म्यावर दिव्याचा उजेड पडून पडद्यावरचे शब्द दिसेनासे झाले आणि यंत्र नेहमींप्रमाणें पुढें चालूं लागलें. गृहस्थांनीं समोर पाहिलें. पहिल्या रांगेंत त्यांची पत्नी बसली होती, आणि तिचे ओंठ हलत होते. तिच्या ओंठांवरचा शब्द ओळखून त्यांनीं पुढची ओळ उचलली, ती समेवर बरोबर आली, आणि गाणें शेवटपर्यंत गेलें.